माडीवरची आगगाडी आणि रुळांखालच्या तारा

गेल्या वर्षीं गणपतीच्या सुटींत आमच्या घरीं माडीवर एक आगगाडी आली. ती आणणारा आमचा पुतण्या. जर्मनींत यंत्रांच्या एका कारखान्यांत तो कामाला असतो, आणि तिकडील पुष्कळ लोकांप्रमाणें त्यालाही ह्या छंदाचें वेड लागलेलें आहे. दोन इंजिनें, अकरा डबे, रुळांच्या पांच-सहा पेट्या आणि एक काळी, बटणांची नियंत्रक पेटी, एवढा संसार त्यानें आपल्या नानाकाकांच्या पुढ्यांत मांडला. नाना म्हणजे आमचे वडील बंधु. रेल्वेच्या सिग्नल खात्यांत चौतीस वर्षें नोकरी करून ते घरीं बसले, तेव्हांपासून त्यांचे हात शिवशिवत होतेच. पुतण्या परत गेला आणि आठवड्याच्या आंत नानांनीं माडीवरील जुना शिसवी पलंग खालीं उतरवून त्या जागीं सोळा फूट लांब व पांच फूट रुंद असा फळ्यांचा मंच उभा केला.

पुढील सहा महिन्यांत त्या मंचावर जें घडलें, त्यावरून आमची एका गोष्टीविषयीं पुरती खात्री झाली. ह्या नव्या पद्धतीच्या गाडीचें मर्म इंजिनांत नाहीं, नियंत्रक पेटींतही नाहीं. तें रुळांना खालून जोडलेल्या तारांत आहे. इंजिनाकडे सारें घर बघतें, तारांकडे कोणी बघत नाहीं. हा छंद ज्या घरांत आहे किंवा येऊं घातला आहे, त्या घरांतील वडील मंडळींच्या उपयोगीं पडावें म्हणून आमच्या फजितीची ही हकीकत आम्ही येथें देत आहोंत.

खेळण्यांतील आगगाडी आपणांस नवी नाहीं. चावी दिली कीं वाटोळी फिरणारी पत्र्याची गाडी आमच्या पिढीनें खेळलेली आहे. आणि पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी ह्यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांना खुलें झालें, तें पाहून आलेलीं मुलें आतां संसाराला लागलीं आहेत. ह्या छंदाचें माहेर मात्र युरोप व अमेरिका. जर्मनींतील गोपिंगेन येथील मेर्कलिन कंपनीनें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक रुंदीचे, हवे तितके वाढवीत नेतां येतील असे रूळ प्रथम मांडले. इंग्लंडांत लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनें १९२० पासून आपल्या नांवाच्या गाड्या विकावयास काढल्या. आज जगांत सर्वांत प्रचलित असलेलें माप 'एच-ओ'. त्यांत गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी आणि दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. युरोपांतील खऱ्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर, त्याला सत्त्याऐंशीनें भागलें कीं हा आंकडा येतो. आपल्याकडील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचें असल्यामुळें आपली गाडी त्याच मापांत काटेकोर करावयाची तर रूळ एकोणीस मिलिमीटरांहून थोडे अधिक रुंद लागतील. ही गोष्ट नानांना फार लागली होती. पण तो विषय निराळा.

विजेवरील गाड्यांची जुनी रीत अशी कीं, रुळांत जितका दाब सोडावा तितक्या वेगानें इंजिन पळे, आणि धन-ऋण उलटें केलें कीं इंजिन उलट जाई. रीत साधी, पण एकाच रुळावर दोन इंजिनें ठेवलीं तर दोन्ही एकदम पळत व एकदम थांबत. त्यांना निरनिराळें चालवावयाचें तर रूळ जागोजाग तोडून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र बटण द्यावें लागे. मोठ्या हौशी माणसाच्या मंचाखालीं मग तारांचें असें जाळें होई कीं घरांत कोळ्यांनीं बिऱ्हाड केलें असावें.

नवी पद्धति हें जाळें नाहींसें करण्यासाठींच निघाली. तिचें नांव 'डिजिटल कमांड कंट्रोल', संक्षेपानें 'डी. सी. सी.' म्हणतात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनींत गीसन येथील लेन्झ ह्यांच्या कंपनीनें ती आकारास आणिली, आणि अमेरिकेंतील 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' ह्या १९३५ सालीं स्थापन झालेल्या हौशी लोकांच्या संस्थेनें १९९४ सालीं तिचें प्रमाण ठरवून दिलें. त्यामुळें एका कंपनीची पेटी व दुसरीचें इंजिन एकमेकांशीं बोलूं शकतात. ह्या पद्धतींत रुळांतील दाब नेहमीं पुरा असतो, एच-ओ मापाला सुमारें पंधरा व्होल्ट. गाडी उभी असो वा धांवत असो, त्यांत बदल नाहीं. प्रत्येक इंजिनाच्या पोटांत नखाएवढी एक चकती असते, तिला डीकोडर म्हणतात. आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो. नियंत्रक पेटी रुळांवरून हांक मारते, "तीन नंबर, पुढें चल, वेग दहा." हांक सर्वांना ऐकूं जाते, पण हालतें तें तीन नंबरचें इंजिन.

ही हांक कशी मारतात तें पाहण्यासारखें आहे. दोन रुळांतील धन आणि ऋण हीं सेकंदाला हजारों वेळां अदलाबदल करीत असतात. हा पालट कधीं झटपट होतो, कधीं किंचित् रेंगाळून. एका बाजूस ५८ मायक्रोसेकंद व दुसऱ्या बाजूस ५८, असा झटपट पालट झाला तर त्याचा अर्थ 'एक'. दोन्हीकडे १०० किंवा त्याहून अधिक लागले तर अर्थ 'शून्य'. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश.) वृत्तांची ओळख असणाऱ्या वाचकांस हें लघु-गुरूंचें प्रकरण वाटेल, आणि तें तसें आहेही, लघूच्या जवळ जवळ दुप्पट गुरूचा काळ. आरंभीं निदान चौदा लघु ओळीनें येतात, ती नांदी. मग इंजिनाचा क्रमांक, मग आज्ञा, आणि शेवटीं त्या दोहोंवरून काढलेला एक ताळा. ताळा जुळला नाहीं तर डीकोडर ती आज्ञा मुकाट्यानें टाकून देतो व पुढील हांकेची वाट पाहतो. वेदपाठांत क्रम, जटा, घन अशा आवृत्त्या करून एकही अक्षर ढळूं न देण्याची जी योजना आपल्या पूर्वजांनीं केली, तिचेंच हें एक धाकटें भावंड म्हणावें.

आतां मुद्दा असा कीं, इंजिनाचें अन्न आणि इंजिनाला दिलेली आज्ञा हीं दोन्ही एकाच वाटेनें जातात, आणि ती वाट म्हणजे रूळ. जुन्या पद्धतींत एखादा जोड सैल झाला तर गाडी जराशी मंदावे, इतकेंच. येथें जोड सैल झाला कीं इंजिन उपाशी राहतें आणि बहिरेंही होतें. बहिरें झालेलें इंजिन थांबतेंच असें नाहीं. कधीं कधीं तें शेवटची ऐकलेली आज्ञा धरून तसेंच पळत सुटतें.

पेटींतील माहितीपत्रकांत ठळक अक्षरांत लिहिलें होतें कीं, ह्या पद्धतीला फक्त दोन तारा लागतात. तें खोटें नव्हतें. मुलांनीं जमिनीवर मांडलेल्या एका वाटोळ्या रुळाला दोन तारा खरोखरच पुरतात. नानांनीं मात्र त्या वाक्याच्या भरंवशावर सोळा फुटी मंचावर दुहेरी मार्ग, एक स्थानक, पलीकडच्या टोकास बोगदा आणि नऊ सांधे असा पसारा मांडला, व वीज सोडली ती पेटीजवळच्या टोकाला दोन बारीक तारांनीं. तेथून पुढील सगळा प्रवास विजेनें रुळांतून, आणि एका रुळास दुसरा जोडणाऱ्या चिमुकल्या फिशप्लेटींतून करावयाचा होता.

पहिले पंधरा दिवस सगळें सुरळीत चाललें. नंतर बोगद्याकडे जातांना इंजिन दमूं लागलें. दिवा मिणमिणे, शिटी अर्धवट वाजे, आणि कधीं कधीं बोगद्याच्या तोंडाशीं गाडी उभी राही ती बोटानें ढकलल्याशिवाय हालत नसे. आम्हीं सर्वांनीं दोष इंजिनाला दिला. तें उघडून तेल घातलें, चाकें पुसलीं, पुन्हां ठेविलें. शेवटीं एका रात्रीं जर्मनीस फोन झाला. पुतण्यानें पहिलाच प्रश्न विचारला, "नानाकाका, रुळांना तारा किती ठिकाणीं जोडल्या आहेत?"

"दोनच लागतात असें तुझ्याच कागदावर छापलें आहे," नाना म्हणाले. "तूं इंजिन बदलून पाठव."

पोरानें उलट शब्द न बोलतां इंजिन बदलून पाठविलें. नवें इंजिन त्याच जागीं दमलें.

मग मार्गशीर्षांतील एक गुरुवार उजाडला. खालीं वहिनींच्या महालक्ष्मीच्या पूजेची गडबड चाललेली, आणि वर माडीवर मुलांचा गोंधळ. बोगद्यांत एक डबा रुळांवरून घसरून आडवा झाला व त्याच्या लोखंडी चाकांनीं दोन्ही रूळ एकत्र जोडले. अशा वेळीं नियंत्रक पेटीनें ताबडतोब वीज तोडावयाची असते. तिच्यांत तशी कळ असते आणि आमच्या पेटीची मर्यादा पांच अँपिअरची होती. पेटीनें वीज तोडली नाहीं. मुलें दुसऱ्या गाडीशीं खेळण्यांत दंग होतीं. पांच-सात मिनिटांनीं प्लास्टिक जळल्याचा वास धुपाच्या वासांतून वर आला, तेव्हां वहिनी धांवत जिना चढल्या. नंदूनें, म्हणजे नानांच्या सात वर्षांच्या नातवानें, बोगद्यांत हात घातलाच होता. त्याच्या दोन बोटांना फोड आला. डब्याखालची चौकट वितळून स्लीपरला चिकटली होती, आणि दीड हातावरील एका जोडापाशीं रूळ इतका तापला होता कीं बोट लावूं देईना.

नंदूचीं बोटें थंड पाण्याखालीं धरून झालीं, तेव्हां वहिनींनीं नानांकडे वळून एवढेंच विचारलें, "आगगाडी म्हणतात ती ह्यासाठींच का हो?" त्या दिवसापासून मंचावर पांढरी चादर पडली व मुलांना माडी बंद झाली.

पेटीनें वीज कां तोडली नाहीं ह्याचा उलगडा साध्या भागाकारानें होतो. नानांनीं पुढें मीटर लावून पाहिलें तेव्हां त्या टोकापर्यंत जाऊन परत येणाऱ्या वाटेचा एकूण रोध साडेतीन ओहम भरला. त्यांत एकट्या सैल जोडाचा वाटा एक ओहमाहून अधिक. पंधरा व्होल्टांस साडेतीननें भागलें तर सव्वाचार अँपिअर येतात. म्हणजे पूर्ण शॉर्ट सर्किट होऊनही प्रवाह पांचाच्या आंतच राहिला! पेटीला वाटलें कीं चार-पांच इंजिनें एकदम धांवत आहेत. ती बिचारी वीज पुरवीत राहिली. पंधरा व्होल्ट व सव्वाचार अँपिअर म्हणजे चौसष्ट वॅट. आमच्या घरची डाख देण्याची विजेची सळई पंचवीस वॅटांची आहे. अशा अडीच सळयांची उष्णता त्या वाटेवर जेथें जेथें अडचण होती तेथें तेथें सांडत होती. पंधरा व्होल्टांचा धक्का मुलालाही जाणवत नाहीं, म्हणून ह्या खेळण्यांत धोका नाहीं असें लोक म्हणतात. धोका धक्क्याचा नाहीं, तापण्याचा आहे, हें आम्हांस नंदूच्या बोटांनीं शिकविलें.

हा हिशेब मात्र मागाहूनचा. त्या वेळीं नाना कोणाशीं ह्या विषयावर बोलतच नसत. माघांत एका मुंजीसाठीं ते नंदूला घेऊन ठाण्यास गेले. पुढची हकीकत आम्हांस नंदूनें सांगितली, नानांनीं नाहीं. फलाटावर लोकलची वाट पाहतांना नंदूनें विचारलें, "आजोबा, त्या रुळांच्या जोडावरून ती तार कशाला नेली आहे?" प्रश्न नानांच्या जिव्हाळ्याचा. त्यांनीं सांगावयास आरंभ केला कीं, विजेच्या गाडीला वरच्या तारेनें मिळालेली वीज रुळांतूनच परत जाते. १९२५ सालच्या फेब्रुवारीच्या ३ तारखेस मुंबईहून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी गेली तेव्हांपासून आपल्याकडे हें चाललें आहे. शिवाय गाडी कोठें आहे हें सिग्नलला कळावें म्हणून निराळा बारीक प्रवाहही रुळांतून खेळवितात; ही युक्ति विल्यम रॉबिन्सन नांवाच्या अमेरिकनानें १८७२ सालीं काढली.

"पण जोडाला लोखंडी पट्टी आहे ना? मग तार कशाला?"

"पट्टी गाडीचें ओझें धरते, बाळ. वीज पट्टीच्या भरंवशावर सोडीत नाहींत. तिला गंज चढतो, बोल्ट ढिला होतो, म्हणून प्रत्येक जोडावर तांब्याची—"

येथें आजोबा एकदम गप्प झाले, आणि लोकल आली तरी कांहीं बोलले नाहींत, असें नंदूचें म्हणणें. ज्या माणसानें आपल्या नोकरींत असे हजारों जोड तपासले, त्यानें घरच्या मंचावर तीच वीज नुसत्या पट्टीच्या हवालीं केली होती. घरीं आल्यावर नानांनीं पहिलें काम केलें तें पुतण्याला फोन लावण्याचें. "तुझें पहिलें इंजिन चांगलें होतें," असें ते म्हणाले. क्षमा मागण्याची आमच्या घराण्यांत तीच रीत आहे.

चादर निघाली आणि काम पायापासून सुरू झालें. ज्यांना शेतीची माहिती आहे त्यांना त्याचें सूत्र झटकन् कळेल. धरणाचें पाणी सर्वांत वरच्या वाफ्यांत सोडून तें एका वाफ्यांतून दुसऱ्यांत झिरपत शेवटच्या वाफ्यास पोंचेल असें कोणी धरीत नाहीं. एक मोठा पाट शेवटपर्यंत नेतात व त्यांतून प्रत्येक वाफ्याला चारी काढतात. तसाच मंचाखालून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन जाड तारांचा पाट न्यावा, आणि त्यांतून प्रत्येक रुळाला एक आंखूड बारीक तार वर काढावी.

हें अवश्य कां, तर रुळांची धातु विजेला फारशी अनुकूल नाहीं. रूळ चांदीसारखे दिसतात, पण त्यांत चांदीचा कणही नसतो. तांबें, जस्त व निकेल ह्यांची ती मिश्रधातु; भांड्यांमुळें आपल्या माहितीचें जें 'जर्मन सिल्व्हर' तेंच तें. (स्वयंपाकघरांत ज्याला नुसतें 'जर्मन' म्हणतात तें ॲल्युमिनियम, त्याचा येथें संबंध नाहीं.) तें गंजत नाहीं व चाकांशीं संबंध चांगला ठेवतें, म्हणून रुळांस योग्य, परंतु सारख्याच जाडीच्या तांब्यापेक्षां तें विजेला बारा ते सोळा पट अधिक अडवितें. त्यांत दर तीन फुटांवर एक फिशप्लेट. ती नवी असतांना घट्ट बसते. पुढें तिच्यांत धूळ जाते, खडी चिकटविण्याचा गोंद जातो, रुळांना दिलेला तपकिरी रंग जातो. नानांनीं खडी पसरतांना गोंद पाण्यासारखा ओतला होता.

पाटासाठीं नानांनीं घरांतील विजेच्या कामाला वापरतात तीच अडीच चौरस मिलिमीटरांची तांब्याची तार घेतली, तांबडी व काळी. अशा तारेच्या शंभर मीटरांचा रोध पाऊण ओहमाहूनही कमी असतो. आमच्या मंचाला जाऊन-येऊन सोळा मीटर लागली. पांच अँपिअर वाहिले तरी वाटेंत अर्ध्या व्होल्टाहून थोडा अधिक, एवढाच दाब खर्ची पडतो. हेंच काम जर पूर्वीच्या बारीक तारेनें केलें असतें तर सहा व्होल्टांहून अधिक वाटेंतच गेले असते. दोन्ही तारा नानांनीं एकमेकींना सैल पीळ देऊन नेल्या. पालट इतक्या वेगानें होत असतो कीं तारा लांब लांब ठेविल्यास त्याच्या कडा बोथट होतात. पीळ दिल्यानें तें कमी होतें. आमच्याएवढ्या मंचावर पिळावांचूनही भागलें असतें, पण पीळ द्यावयास दमडी पडत नाहीं.

वर जाणाऱ्या बारीक तारा वीतभराहून लांब नसाव्यात. आमच्याकडे रुळांचे बेचाळीस तुकडे भरले; प्रत्येकाला दोन, म्हणजे चौऱ्याऐंशी तारा. एकही तुकडा तारेवांचून ठेवावयाचा नाहीं हा नानांचा हट्ट, आणि तो बरोबर होता. डाख रुळाच्या बाहेरच्या अंगास द्यावा. आंतल्या अंगास दिला तर चाकाची कड त्यावर आपटते. रुळाची ती जागा आधीं कानशीनें घांसून चकचकीत करावी, राळेचा लेप द्यावा, तापलेली सळई दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकूं नये. दोहों बाजूंचे स्लीपर ओल्या कापसानें झांकावे, नाहींतर ते वितळतात. पत्रे जोडणारे कारागीर जें आम्ल वापरतात तें येथें वर्ज्य; तें मागें राहून तार खातें. पहिल्या दहा जोडांत नानांचे चार कच्चे निघाले. कच्चा डाख मळकट व गोळ्यासारखा दिसतो; पक्का चकचकतो आणि तारेवर पसरतो.

खरा घोटाळा होतो तो तांबडी कोणत्या रुळाला व काळी कोणत्या, ह्यांत. आपल्या जवळच्या रुळाला तांबडी असें ठरविलें तर फसगत ठरलेली. कारण गाडी वळसा घेऊन पलीकडे गेली कीं बाहेरचा रूळ, जो येथें जवळचा होता, तो तेथें लांबचा होतो. ह्यावर पुतण्यानें फोनवरून सांगितलेली तोड फार चांगली आहे. एका डब्याच्या एका अंगास तांबडी पट्टी चिकटवावी आणि तो डबा हातानें साऱ्या मार्गावरून ढकलीत न्यावा. पट्टी ज्या रुळाकडे त्या रुळाला तांबडी तार. हें काम नंदूकडे आलें. घरांतील कोणीही इतक्या गंभीरपणें केलेलें काम आम्हीं पाहिलें नाहीं.

ह्या डब्यानेंच आणखी एक दोष पकडून दिला. नानांनीं बोगद्यापलीकडे गाडी तोंड फिरवून परत यावी म्हणून फुग्याच्या आकाराचें एक वळण केलें होतें. डबा त्यांतून फिरून त्याच रुळांवर परत आला तेव्हां तांबडी पट्टी काळ्या बाजूस! म्हणजे त्या वळणांत तांबडा रूळ शेवटीं काळ्याला जाऊन भिडत होता; तेथें शॉर्ट सर्किट अटळ. पूर्वीं कसें चाललें, तर एक फिशप्लेट इतकी सैल होती कीं तिच्यांतून वीज जातच नव्हती. एका दोषानें दुसरा झांकला होता. ह्यावर उपाय असा : वळणाच्या दोन्ही टोकांस दोन्ही रूळ करवतीनें तोडून तो भाग वेगळा करावयाचा, सबंध गाडी मावेल एवढा तो लांब ठेवावयाचा, आणि त्याला वीज एका लहानशा पालट-यंत्रांतून द्यावयाची. चाक फटीवर येतांच विरोध झाला कीं हें यंत्र नियंत्रक पेटीला सुगावा लागण्यापूर्वीं त्या भागाचें धन-ऋण फिरवितें. इंजिनाला त्याचा पत्ताही नसतो. पुढें जावयाचें कीं मागें, हें तें धन-ऋणावरून ठरवीत नसून आज्ञेवरून ठरवितें.

सांध्यांचें प्रकरण थोडक्यांत सांगतों. सांध्यांत जेथें दोन मार्गांचे रूळ एकमेकांस छेदतात, तें बेचकें कांहीं सांध्यांत प्लास्टिकचें, म्हणजे निर्जीव असतें. लांब इंजिन त्यावरून सहज जातें. आंखूड, चार चाकांचें इंजिन तेवढ्यांत उपाशी मरतें. बेचकें धातूचें असेल तर त्याला वीज मिळते, पण सांधा बदलला कीं त्याची बाजूही बदलली पाहिजे. त्यासाठीं सांध्याच्या दांड्याला एक कळ जोडावी लागते. मुलांसाठीं पहिला प्रकार बरा. नानांनीं अर्थातच दुसरा घेतला.

सर्व तारा झाल्यावर परीक्षा. ती जगभर सारखीच आहे, आणि तिला लागतें एक नाणें. पेटी चालू ठेवून रुपया दोन्ही रुळांवर आडवा टेकवावा. त्याच क्षणीं पेटीनें 'टक्' करून वीज तोडली पाहिजे. तोडली नाहीं तर नाणें तात्काळ उचलावें, बोटानें नव्हे, लांकडी चिमट्यानें. आणि त्या भागाचे जोड पुन्हां तपासावेत. ही परीक्षा दर तीन फुटांवर, प्रत्येक सांध्याच्या अलीकडे व पलीकडे करावयाची. आमच्या मंचावर अशीं तेवीस ठिकाणें झालीं. पहिल्या फेरींत एकवीस ठिकाणीं 'टक्' झालें. दोन ठिकाणीं झालें नाहीं, आणि दोन्हीकडे डाख कच्चा निघाला. मार्गशीर्षांत ही परीक्षा कोणी केली असती तर बोगद्याच्या अर्ध्या बाजूस पेटी गप्पच बसली असती.

चैत्र पाडव्यास नानांनीं वहिनींना वर बोलाविलें. वहिनी आल्या, त्यांनीं रुपया मागून घेतला, आणि सारा मंच सोडून नेमका तो बोगद्यांत, जळक्या स्लीपरांवर, चिमट्यानें ठेविला. पेटी टक् झाली. त्यांनीं नाणें उचलून आणखी चार ठिकाणीं ठेविलें, मग कनवटीस लावलें, आणि मुलांना माडी मोकळी झाली. मोठें माणूस वर असल्यावांचून पेटी चालू करावयाची नाहीं, ही अट मात्र अजून आहे.

आतां दर रविवारीं नंदू रूळ पुसतो. सँडपेपर वापरूं नये. त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक बसतो. औषधाच्या दुकानांत मिळणारें आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ फडक्यावर घेऊन वीज बंद ठेवून पुसावें, खिडकी उघडी ठेवावी, आणि रूळ वाळल्यावरच पेटी लावावी. चाकेंही पुसावीं लागतात, आणि तीं सर्व विसरतात. त्यानंतर तेवीस ठिकाणीं रुपया ठेवून नंदू नानांच्या जुन्या ड्यूटीच्या वहींत खुणा करतो. गेल्या तीन आठवड्यांत स्थानकाच्या बाहेरील सांध्यावर 'टक्' थोडें उशिरा होतें अशी नोंद आहे. नानांच्या मतें दोष सांध्याच्या कळेंत आहे, नंदूच्या मतें खालच्या डाखांत. येत्या रविवारीं तो सांधा काढून पाहावयाचा आहे.